युरोपीय पोर्सेलीनचा संग्रह : नाव, खूण आणि यादी

पोर्सेलीनच्या इतिहासाकडे वळणाऱ्या अभ्यासकाला पहिला अडथळा होतो तो नावांचा. मराठीत या पदार्थाला ‘चिनी माती’ म्हणतात, आणि या एका नावाखाली लोणच्याची बरणी, चहाची कपबशी, विजेच्या खांबावरील पांढरे विद्युत्‌रोधक व एखाद्या संस्थानिकाच्या दिवाणखान्यातील फुलदाणी ही सारी सुखाने नांदतात. युरोपीय भाषांत तसे नाही. तेथे प्रत्येक जातीच्या भांड्याला निराळे नाव आहे आणि त्या नावांपैकी बहुतेक गावांची वा बेटांची नावे आहेत. ‘फायन्स’ हे इटलीतील फाएन्झा या गावावरून आले, ‘डेल्फ्ट’ हे हॉलंडमधील त्याच नावाच्या शहरावरून, आणि ‘मायोलिका’ हे मायोर्का बेटावरून. यांपैकी शेवटचे नाव तर चुकीच्या माहितीचे स्मारकच होय. ज्या स्पॅनिश भांड्यांवरून ते पडले ती मायोर्कामध्ये घडविलेली नसून मुख्यत्वे त्या बेटावरच्या व्यापाराने इटलीत उतरत होती. पुढे इटालियन कुंभार स्वतः कथिलाच्या पांढऱ्या झिलईची भांडी करू लागले तेव्हा हेच नाव त्या भांड्यांकडे गेले. आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात मिंटनच्या कारखान्याने शिशाच्या रंगीत झिलईची एक अगदी वेगळी जात काढली तेव्हा तिलाही तेच नाव देण्यात आले. तीन शतकांत एका शब्दाने तीन पदार्थ पाहिले. संग्राहकाने हा शब्द जुन्या यादीत वाचला तर तो कोणत्या काळच्या लेखणीतून उतरला हे आधी ठरविल्यावाचून त्याला पुढे जाता येत नाही.

‘पोर्सेलीन’ या शब्दाची कुळकथा आपल्याकडच्या वाचकास विशेष रोचक वाटावी अशी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरच्या मार्को पोलोच्या प्रवासवृत्तात ‘पोर्चेल्लाना’ हा इटालियन शब्द दोन वस्तूंसाठी येतो : एक चिनी भांडी, व दुसरी कवडी. इटालियनमध्ये ‘पोर्चेल्ला’ म्हणजे डुकराचे मादी पिल्लू. कवडीची फुगीर पाठ पाहून ते नाव तिला पडले असावे, आणि कवडीची गुळगुळीत चकाकी पाहून तेच नाव भांड्याला लागले. उलट ज्या शिंपल्याला इटलीने हे नाव दिले त्याला इंग्रजांनी भारतीय भाषांतील शब्द घेतला. संस्कृत ‘कपर्दिका’ पासून प्राकृतातून आलेल्या आपल्या ‘कवडी’ चीच सख्खी बहीण इंग्रजीत ‘काउरी’ म्हणून वावरते. ‘कवडीमोल’ हा शब्द मराठीत अत्यंत स्वस्त वस्तूसाठी वापरतात. युरोपात मात्र कवडीवरून नाव घेतलेल्या पदार्थापायी राजांनी खजिने रिकामे केले.

हा पदार्थ नेमका काय, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण संग्राहकांचे बहुतेक वाद येथूनच निघतात. साधे मातीचे भांडे सुमारे एक हजार अंश सेल्सिअसच्या आत-बाहेर भाजले जाते व ते सच्छिद्र राहते. पाणी झिरपू नये म्हणून त्यावर झिलई द्यावी लागते. खऱ्या पोर्सेलीनमध्ये केओलीन ही पांढरी, उष्णतेस न डगमगणारी माती, आणि तिच्याबरोबर वितळून काचेसारखा होणारा फेल्स्पारयुक्त दगड, असे दोन घटक असतात. तेराशे ते चौदाशे अंशांच्या उष्णतेत दुसरा घटक वितळून पहिल्याच्या कणांमध्ये भरतो, सारे अंग एकजीव होते, आणि पातळ कडेतून उजेड दिसू लागतो. ‘केओलीन’ हे नावही स्थलवाचकच आहे. चीनमधील चिंगदेचेन या कुंभारनगरीजवळच्या ‘गाओलिंग’, म्हणजे उंच टेकडी, या ठिकाणावरून ते आले. त्या नगरीतील पद्धतीचा बारकाईने वृत्तांत लिहिणारा फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशक दांत्रकोल याची पत्रे १७१२ व १७२२ सालची आहेत. त्यांतूनच हा शब्द युरोपच्या परिचयाचा झाला.

युरोपात चिनी पोर्सेलीनची हौस राजेरजवाड्यांच्या पलीकडे पसरली ती सतराव्या शतकाच्या आरंभी, आणि त्या घटनेचा एक धागा गोव्याशी जुळलेला आहे. १६०१ च्या नाताळात ‘सांतियागो’ हे पोर्तुगीज जहाज गोव्याहून लिस्बनकडे निघाले. त्यावर फ्रांचेस्को कार्लेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा एक व्यापारी होता. जगप्रदक्षिणा करीत तो मकाव येथे पोचला, तेथे त्याने रेशीम व पोर्सेलीन खरीदले, आणि पुढे गोव्यात दीर्घकाळ राहून तो माल घेऊन स्वदेशी परतत होता. १६०२ मध्ये सेंट हेलिना बेटापाशी झीलंडच्या डच जहाजांनी ‘सांतियागो’ पकडले आणि माल मिडलबर्ग येथे नेऊन विकला. कार्लेत्तीने तेथे वर्षानुवर्षे दावा चालविला, पण पदरात पडले ते थोडेच. पुढल्याच वर्षी ‘सांता कातारीना’ हे दुसरे मोठे जहाज मकावहून मलाक्केकडे जात असता डचांच्या हाती लागले व त्यावरील पोर्सेलीनचा लिलाव १६०४ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे झाला. समुद्रावर केलेली ही जप्ती न्याय्य होती असे प्रतिपादन करण्याचे काम डच कंपनीने तरुण ह्यूगो ग्रोशिअसकडे सोपविले. त्या लेखनातीलच एक प्रकरण १६०९ मध्ये ‘मुक्त समुद्र’ या अर्थाच्या लॅटिन नावाने प्रसिद्ध झाले. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या एका मूळ ग्रंथाची पायाभरणी अशी लुटीच्या मालाच्या तंट्यात झाली. निळ्या नक्षीच्या त्या पातळ, सहज टवका उडणाऱ्या ताटांना डच लोक ‘क्राक’ म्हणू लागले. हा शब्द पोर्तुगीज ‘कराक’ जातीच्या जहाजावरून आला असे सामान्यतः मानले जाते. वस्तूला जहाजाचे नाव मिळाले, घडविणाराचे नाही, ही बाब पुढील साऱ्या इतिहासाचे सूचक म्हणावी लागेल.

नक्कल करण्याचे प्रयत्न याआधीच सुरू झाले होते. फ्लॉरेन्स येथे फ्रांचेस्को दे मेदिची याच्या आश्रयाने १५७५ नंतर काही वर्षे एक पांढरा, काचमिश्रित पदार्थ तयार होत असे. त्याचे साठसत्तरच नमुने आज शिल्लक आहेत. केओलीनचे गुपित ठाऊक नसल्यामुळे चुरलेली काच व पांढरी माती यांचे मिश्रण कमी उष्णतेवर भाजून पोर्सेलीनचा आभास निर्माण करण्याची ही रीत होती. तिला संग्राहक ‘मऊ’ पोर्सेलीन म्हणतात. फ्रान्समधील सेंक्लू व व्हँसेन, इंग्लंडातील चेल्सी व बो, हे कारखाने या मऊ जातीचे. ‘मऊ’ हे विशेषण ऐकून कमअस्सल असा ग्रह करून घेणे मात्र चुकीचे ठरेल. तिच्या झिलईत रंग ज्या रीतीने मुरतो तसा तो कठीण पोर्सेलीनमध्ये मुरत नाही, आणि पुष्कळ जाणकार आजही तिलाच अधिक पसंती देतात.

कठीण, म्हणजे खऱ्या, पोर्सेलीनचा शोध युरोपात लागला तो सॅक्सनीत, आणि त्याला कारण ठरली एका राजाची हाव. सॅक्सनीचा इलेक्टर व १६९७ पासून पोलंडचा राजा असलेला ‘बलाढ्य’ ऑगस्टस (१६७०–१७३३) याला चिनी-जपानी भांड्यांचे इतके वेड होते की त्याने स्वतःच एका पत्रात आपल्या या छंदाची रोगाशी तुलना केलेली आहे. १७१७ मध्ये त्याने प्रशियाच्या राजाकडून १५१ चिनी भांडी घेतली व मोबदल्यात आपल्या लष्करातील ६०० घोडदळ शिपाई त्याच्या स्वाधीन केले. त्या शिपायांची जी पलटण पुढे प्रशियात उभी राहिली तिला लोक ‘पोर्सेलीनची पलटण’ म्हणत, आणि त्या व्यवहारातील मोठ्या निळ्या-पांढऱ्या रांजणांना आजही ड्रेस्डेनमध्ये ‘ड्रगून’ असे नाव आहे. भांड्यांची नावे टिकली, सूचीक्रमांकही टिकले. सहाशे माणसांची नावे कोणत्या वस्तुसंग्रहालयाच्या पाटीवर आढळत नाहीत.

या राजाच्या कैदेत योहान फ्रीड्रिख ब्योटगर (१६८२–१७१९) हा तरुण होता. बर्लिनमधील एका औषधविक्याकडे उमेदवारी करीत असता त्याने आपणास सोने करता येते अशी बढाई मारली. १७०१ मध्ये तो तेथून पळाला आणि ऑगस्टसच्या हाती सापडला. सोने काही निघाले नाही. चिर्नहाउस या गणितज्ञ व भौतिकशास्त्रज्ञाने मोठ्या भिंगांनी सूर्यकिरण एकवटून निरनिराळ्या माती-दगडांवर उष्णतेचे प्रयोग चालविले होते. त्याच्या देखरेखीखाली ब्योटगरला जुंपण्यात आले. १५ जानेवारी १७०८ च्या एका टिपणात पांढऱ्या व अर्धपारदर्शक नमुन्याची नोंद सापडते. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात चिर्नहाउस वारला, आणि २८ मार्च १७०९ रोजी ब्योटगरने आपणास उत्तम पांढरे पोर्सेलीन साधल्याचे निवेदन राजास केले. श्रेय कोणाचे, हा वाद त्या दिवसापासून चालू आहे. उपलब्ध कागदांवरून पाहता विचाराची दिशा चिर्नहाउसची व भट्टीतील सिद्धी ब्योटगरची असे म्हणणे अधिक न्याय्य दिसते. परंतु एका नावाने शोध ओळखावा ही लोकांची सवय मोडणे कठीण. २३ जानेवारी १७१० रोजी कारखान्याची राजाज्ञा निघाली आणि जूनमध्ये तो माइसेन येथील आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात थाटण्यात आला. किल्ला निवडला तो गुपिताच्या रक्षणासाठी. ते काही फार दिवस टिकले नाही. कामगार फितविले गेले, १७१८ मध्ये व्हिएन्नात दुसरा कारखाना उभा राहिला, आणि तेथे गेलेला श्ट्योल्ट्सेल हा भट्टीचा जाणकार १७२० मध्ये परत आला तो येताना हेरोल्ट नावाचा असामान्य चित्रकार घेऊन. ब्योटगर तोवर मरून गेला होता. त्याचे वय सदतीस वर्षांचे होते.

येथवरची हकीकत सर्वपरिचित आहे. संग्रहाच्या इतिहासाच्या दृष्टीने तिच्याइतकीच महत्त्वाची, परंतु क्वचित सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे १७२१ साली सुरू झालेली यादी. ऑगस्टसने आपला संचय ड्रेस्डेनमधील ज्या वाड्यात ठेवला होता, जो पुढे ‘जपानी वाडा’ म्हणून प्रसिद्धीस आला, तेथील प्रत्येक वस्तू या यादीत नोंदविण्यात आली. नोंद केवळ कागदावर राहिली नाही. वस्तूच्या तळाशी चाकाने क्रमांक कोरून त्यात काळा रंग भरीत, आणि क्रमांकाबरोबर वर्ग दाखविणारी एक खूण असे : जपानी वस्तूला क्रूस, निळ्या-पांढऱ्या वस्तूला नागमोडी रेघ, सॅक्सन वस्तूला ‘डब्ल्यू’ हे अक्षर. हे वर्ग आजच्या शास्त्राशी जुळत नाहीत. चिनी वस्तू जपानी म्हणून नोंदलेल्या आढळतात आणि जपानी वस्तू चिनी म्हणून. पण यादीकाराला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्यासमोर ना इतिहास होता ना तुलना. होते ते केवळ रंगरूप, आणि व्यापाऱ्यांकडून ऐकलेली नावे. या वर्गीकरणाचे खरे मोल निराळे आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील एका सुशिक्षित युरोपीयाला कोणत्या वस्तू एकजातीय वाटत व कोणत्या भिन्न, याचा तो पुरावा आहे. जसा एखादा जुना शब्दकोश चुकीच्या व्युत्पत्ती देत असूनही त्या काळच्या अर्थबोधाचा विश्वसनीय साक्षीदार असतो.

या यादीने आणखी एक काम केले. भांड्याला तिने व्यक्तित्व दिले. बाजारात एकासारख्या एक डझनभर थाळ्या येतात. क्रमांक कोरताच त्यांतील प्रत्येक थाळी वेगळी झाली. तीनशे वर्षांनंतर लंडन वा न्यूयॉर्कच्या लिलावात एखादी थाळी उलटी केली असता तो काळा क्रमांक दिसला की ती एके काळी कोणाच्या वाड्यात होती हे ठरविता येते. पुढे काय झाले ते पाहता हा तपशील गौण म्हणता येणार नाही.

सामान्य संग्राहकाचा विश्वास मात्र क्रमांकावर नसून कारखान्याच्या खुणेवर असतो. माइसेनने १७२२ च्या सुमारास एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन तलवारींची खूण स्वीकारली; ती सॅक्सन इलेक्टरच्या राजचिन्हातून घेतलेली आहे. खूण असली की वस्तू खरी, ही समजूत इतकी दृढ आहे की नवखा माणूस ताट हाती येताच आधी ते उलटे करतो. वस्तुतः खूण ही सहीपेक्षा शब्दाच्या जवळची वस्तू आहे : तिचा उच्चार कोणासही करता येतो. इंग्लंडातील वुस्टरच्या कारखान्याने तलवारी काढल्या, तसेच चिनी अक्षरांचा भास उत्पन्न करणाऱ्या निरर्थक रेघोट्याही काढल्या. बो येथील कारखाना तर स्वतःस ‘नवे कँटन’ म्हणवीत असे, आणि त्या नावासह १७५० साल घातलेल्या त्याच्या दौती उपलब्ध आहेत. चेल्सीच्या कारागिरांना नमुन्यासाठी माइसेनचा एक संच १७५१ मध्ये उसना मिळाला होता. तो ड्रेस्डेनमधील ब्रिटिश वकील हॅनबरी विल्यम्स याच्या मालकीचा असून लंडनच्या हॉलंड हाउसमध्ये ठेवलेला होता. चेल्सीची स्वतःची खूण नांगराची, आणि त्यांतील सोनेरी नांगर तर इतक्या ठिकाणी उमटविला गेला आहे की ज्या वस्तूवर तो ठसठशीत व मोठा दिसेल तिच्याविषयी आधी संशय धरावा. पॅरिसमधील साम्सन यांच्या कारखान्याने १८४५ पासून पिढ्यान्‌पिढ्या जुन्या वस्तूंच्या प्रतिकृती करून विकल्या. फुटलेल्या संचातील उणी वस्तू भरून देणे हा त्यांचा उघड व्यवसाय होता; ती वस्तू तिसऱ्या-चौथ्या हाती गेल्यावर ‘जुनी’ ठरे, हा भाग वेगळा. आता साम्सनच्या प्रतिकृतींचेही संग्राहक निपजले आहेत.

या सर्वांहून सूक्ष्म प्रश्न उभा राहतो तो सेव्ह्र येथील पोर्सेलीनचा. व्हँसेनचा कारखाना १७५६ मध्ये सेव्ह्र येथे हलला. राजाच्या नावातील दोन ‘एल’ अक्षरे परस्परांत गुंफून त्यांच्यामध्ये सालदर्शक अक्षर घालण्याची त्यांची पद्धत होती; ‘ए’ म्हणजे १७५३, आणि पुढे क्रमाने. १८०० मध्ये ब्राँन्यार हा खनिजशास्त्रज्ञ संचालक झाला व त्याने जुन्या मऊ पोर्सेलीनचा न रंगविलेला पांढरा साठा विकून टाकला. तो पॅरिस व इंग्लंडमधील रंगाऱ्यांच्या हाती पडला. त्यांनी त्यावर जुन्या धाटणीची निळी-हिरवी पार्श्वभूमी, सोनेरी चौकटी आणि राजदरबारातील सुंदरींची चित्रे काढली. अशा वस्तूचे अंग खरे आणि चित्र मात्र नंतरचे. ही बनावट म्हणावी की नाही? प्राचीन ग्रंथांच्या संपादकांना हा प्रश्न चांगला परिचयाचा आहे. जुन्या पोथीत मागाहून कोणी ओव्या घातल्या म्हणजे पोथी खोटी होत नाही, परंतु त्या ओव्या मूळ कवीच्या म्हणून उद्धृत करता येत नाहीत. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या संपादकांनी प्रक्षेप ओळखण्यासाठी प्रतींची तुलना केली. पोर्सेलीनच्या परीक्षकाला येथे रसायनशास्त्र साहाय्य करते. क्रोमियम हे मूलद्रव्य व्होक्लँने १७९७ मध्ये शोधून काढले आणि त्यापासूनचा हिरवा रंग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वापरात आला. त्यामुळे १७६० ची खूण असलेल्या थाळीवरील पानांत क्रोमियम सापडले तर ती पाने १७६० ची नव्हेत, एवढे निर्विवाद ठरते. हल्ली क्ष-किरणांच्या साहाय्याने, वस्तूला ओरखडाही न काढता, हे तपासता येते.

खुणांचे कोश एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात निघाले हा योगायोग नव्हे. सधन मध्यमवर्ग तेव्हाच या बाजारात उतरला होता. इंग्रजीतील चॅफर्सचा कोश १८६३ चा. जर्मनीत हे काम केले ते ग्रेस्से (१८१४–१८८५) याने. हा गृहस्थ ड्रेस्डेनच्या पोर्सेलीन संग्रहाचा प्रमुख होता खरा, पण मुळात तो ग्रंथपाल. सॅक्सनीच्या लोककथांचा संग्रह त्याने १८५५ मध्ये काढला आणि लॅटिन स्थलनामांचा एक कोश १८६१ मध्ये. कथा, गावांची नावे आणि मातीच्या भांड्यांच्या खुणा या तिन्हींकडे त्याने एकाच नजरेने पाहिले. पुढील पिढ्यांनी त्याचा खुणांचा कोश वाढविला व आजतागायत वापरला. बनावट करणाऱ्यांनीही तो तितक्याच आवडीने वापरला असेल यात शंका नाही.

भाषा आणि भांडी यांचा असाच संगम लेडी शार्लट श्रायबर (१८१२–१८९५) यांच्या चरित्रात दिसतो, आणि येथे थोडे थांबणे अयोग्य ठरणार नाही. अर्ल ऑफ लिंडसे यांची ही कन्या. विवाह झाला तो वेल्समधील डाउलेस येथील लोखंडाच्या कारखान्याचे मालक गेस्ट यांच्याशी. वेल्समध्ये गेल्यावर त्यांनी तेथील भाषा शिकून घेतली आणि ‘मॅबिनोगियन’ या नावाने मध्ययुगीन वेल्श कथांचे इंग्रजी भाषांतर १८३८ ते १८४९ या काळात भागाभागाने प्रसिद्ध केले. दहा मुलांचा संसार सांभाळून हे काम झाले. १८५२ मध्ये पती वारल्यावर काही काळ त्यांनी कारखानाही चालविला. १८५५ मध्ये चार्ल्स श्रायबर यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला, आणि साठीच्या उंबरठ्यावर, जेव्हा इतर स्त्रिया नातवंडांत रमतात, तेव्हा हे दांपत्य आगगाडीने युरोपभर जुन्या वस्तूंच्या दुकानांतून हिंडू लागले.

त्यांची रोजनिशी मुलाने १९११ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. कोणत्या गावात, कोणत्या दुकानी, काय दिसले, किती किंमत सांगितली व किती दिली, हे त्यांनी रोज लिहिले आहे. पण केवळ खरेदीवर त्या थांबल्या नाहीत. बो कारखान्याचा एक कारभारी जॉन बोकॉक याच्या टिपणवह्या त्यांनी मिळविल्या, आणि त्या कारखान्याचा इतिहास अनुमानावरून कागदपत्रांवर आला. हस्तलिखितांची सवय असलेल्या व्यक्तीलाच हे सुचावे. कपाटातील बाहुली सुंदर आहे एवढ्याने त्यांचे समाधान होत नव्हते. ती कोणी, केव्हा, कोणासाठी केली याचा लेख त्यांना हवा होता. १८८४ मध्ये चार्ल्स श्रायबर लिस्बन येथे वारले. त्याच वर्षी बाईंनी इंग्लिश पोर्सेलीन व मातीकामाच्या सुमारे १,८०० वस्तू पतीच्या स्मरणार्थ साउथ केन्सिंग्टनच्या वस्तुसंग्रहालयास दिल्या आणि त्यांची सूची स्वतः तयार केली. उत्तरायुष्यात त्यांची दृष्टी गेली. संग्रह आज व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे.

संग्रह देऊन टाकण्याची ही एक रीत झाली. दुसरी रीत ड्रेस्डेनमध्ये दिसली. पहिल्या महायुद्धानंतर पैशाची चणचण पडली तेव्हा ऑगस्टसच्या संचयातील कित्येक वस्तू ‘दुबार प्रती’ म्हणून १९१९ व १९२० मध्ये बर्लिन येथील लेप्के यांच्या लिलावात विकण्यात आल्या. ‘दुबार’ हा ग्रंथालयातील शब्द. एकाच आवृत्तीच्या दोन प्रती असल्या तर एक विकावी हे तेथे शोभते. पण हाताने रंगविलेल्या दोन थाळ्या कधीच एकमेकींच्या प्रती नसतात, आणि १७२१ च्या यादीकाराने तर प्रत्येकीवर वेगळा क्रमांक घालून तसे स्पष्टच सांगितले होते. एका शब्दाच्या सोयीने राजसंग्रह फुटला. तळावरील क्रमांक मात्र पुसला गेला नाही, म्हणून त्या वस्तूंचा माग आजही लागतो.

या लिलावांनंतरच्या दशकात जर्मनीतील माइसेनचे खासगी संग्रह शिगेस पोचले. त्यांपैकी दोघांच्या सूच्या लुडविग श्नोर फोन कारोल्सफेल्ड या अभ्यासकाने केल्या. (माइसेनला प्रारंभी पांढरी माती पुरविणाऱ्या खाणमालकाचे आडनावही हेच होते.) बर्लिनच्या मार्गारेटे व फ्रान्झ ओपेनहाइमर यांच्या संग्रहाची सूची १९२७ मध्ये निघाली, आणि ड्रेस्डेनचे बँकर गुस्टाव्ह फोन क्लेम्पेरर यांच्या ८३४ वस्तूंची १९२८ मध्ये, क्लेम्पेरर स्वतः १९२६ मध्येच निवर्तले होते. दोन्ही कुटुंबे ज्यू. ओपेनहाइमर १९३६ मध्ये व्हिएन्नास गेले व १९३८ मध्ये तेथूनही त्यांना निघावे लागले. अनेक देशांचा वळसा घेऊन ते न्यूयॉर्कला पोचले. त्यांच्या माइसेनचा मोठा भाग ॲम्स्टरडॅममधील बँकर फ्रिट्स मानहाइमर याच्याकडे गेला. १९३९ मध्ये तो दिवाळखोर स्थितीत वारला, आणि त्याचा संग्रह हिटलरच्या लिंट्स येथील नियोजित संग्रहालयासाठी खरीदण्यात आला. युद्धानंतर या वस्तू डच सरकारच्या ताब्यात आल्या व राइक्सम्यूझियममध्ये मांडल्या गेल्या. वारसांचा हक्क मान्य होऊन त्या परत मिळण्यास आणि न्यूयॉर्कमध्ये लिलावास निघण्यास २०२१ चा सप्टेंबर उजाडला. लिलावात ११७ क्रमांक होते. त्यांतील निम्म्याहून अधिक राइक्सम्यूझियमनेच, या वेळी किंमत मोजून, विकत घेतले.

क्लेम्पेरर कुटुंबाने १९३८ मध्ये देश सोडला व मागे राहिलेला संग्रह जप्त झाला. पुढे युद्धाची झळ जवळ आली तेव्हा पेट्या सुरक्षित स्थळी हलविण्यात आल्या. पूर्वेकडून रशियन फौजा सरकू लागल्यावर त्या पुन्हा हलवाव्या लागल्या. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री पेट्यांनी भरलेला ट्रक ड्रेस्डेनच्या राजवाड्याच्या चौकात उभा असता शहरावर बाँबवर्षाव झाला. ढिगाऱ्यातून जे हाती लागले ते, काही अभंग व पुष्कळसे तुकडे, गोळा करून संग्रहालयात ठेवण्यात आले. तेराशे अंशांच्या भट्टीतून निघालेल्या या पदार्थाला आग नवी नसते. पण वरच्या रंगांना ती सोसत नाही, आणि काही तुकड्यांवर त्या रात्रीच्या ज्वाळांचे डाग राहिले. १९९१ मध्ये ड्रेस्डेनच्या संग्रहालयाने ८६ वस्तू वारसांना परत केल्या. वारसांनी त्यांतील बहुतेक संग्रहालयासच भेट दिल्या. नंतर भांडारात आणखी वस्तू व तुकडे सापडले, तेही परत करण्यात आले आणि डिसेंबर २०१० मध्ये लंडन येथे लिलावात विकले गेले. एखादे डोके, हात तुटलेली नर्तकी, पक्ष्याचा अर्धा देह, अशा या वस्तूंसाठी बोली लागली. ते कोणत्या मूर्तींचे अवशेष होते हे सांगणे शक्य झाले ते १९२८ च्या सूचीमुळे, कारण तीत प्रत्येक वस्तूचे वर्णन व क्रमांक नोंदलेला होता.